अवधूताचा एकोणिसावा गुरू



काल आपण चोचीतला मांसाचा तुकडा टाकून सुटलेला कुरर पक्षी पाहिला. अवधूताचा तो अठरावा गुरू. आजचा एकोणिसावा. हा गुरू आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी असतो आणि आपण त्यालाच शिकवत बसतो. तो म्हणजे लहान मूल.

आजचं वाचन : भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९

नवीन वाचकांसाठी थोडा संदर्भ देतो. श्रीकृष्ण निजधामाला जाण्यापूर्वी उद्धवाला उपदेश करतात, तो हा एकादश स्कंध. नाथमहाराजांनी याच स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली. ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली वाराणसीत पूर्ण झाली. आपण तिला 'एकनाथी भागवत' म्हणतो. याच उपदेशात कृष्ण आपले पूर्वज यदुराजा आणि एक अवधूत यांचा जुना संवाद सांगतात, आणि त्या संवादात चोवीस गुरू येतात.

चोवीस गुरू बहुतेकांना ठाऊक असतात, पण संवाद कुठल्या प्रश्नाने सुरू होतो ते लक्षात राहत नाही. यदूला रस्त्यात एक तरुण संन्यासी भेटतो. तो अंगापिंडाने धट्टाकट्टा आहे, विद्वान आहे, बोलायला गोड आहे. मनात आणलं तर काहीही मिळवू शकेल असा, आणि तरी निवांत फिरतोय. यदू त्याला विचारतो, महाराज, तुम्ही एवढे शहाणे असून जगात लहान मुलासारखे कसे वावरता? ही बुद्धी तुम्हाला आली कुठून?

म्हणजे चोवीस गुरूंची सगळी कथा 'हे बालपण तुम्हाला परत कसं मिळालं?' या एका प्रश्नाचं उत्तर आहे. हा प्रश्न विचारणारा राजा आहे, हेही बघा. राज्य, सैन्य, दरबार, सगळं हाताशी असलेला माणूस एका फकिराला थांबवून विचारतोय, की तुमच्याकडे जे दिसतंय ते माझ्याकडे का नाही. आपल्याकडे राज्य नसेल, पण टू बीएचके, टीम लीड हे पद आणि गाडीचा हप्ता आहे. प्रश्न तोच आहे.

बालकाकडून नेमकं काय घ्यायचं?

हल्ली 'इनर चाइल्ड' हा शब्द रील्समध्ये सारखा ऐकू येतो. लहानपणीची गोळी खा, रंगपेटी आणा, जुनी कार्टून बघा. त्यात वाईट काहीच नाही, मीही बघतो. पण बालपणाची आठवण आणि बालभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण मागे नेते आणि तिथेच सोडून देते. सोमवारी सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये ती काही कामाची नसते. अवधूत आठवणीबद्दल बोलत नाही. तो मुलाकडून तीन गोष्टी घेतो. मला मान नाही आणि अपमान नाही. घरादाराची, मुलाबाळांची चिंता नाही. आणि मी स्वतःमध्येच खेळतो, स्वतःमध्येच रमतो.

*मान आणि अपमान.* मागच्या वर्षी मी होतो त्या कंपनीत कपात झाली आणि आमची अख्खी टीम गेली. पुढची नोकरी मिळेपर्यंत चार महिने गेले. गृहकर्ज होतं, त्यामुळे पैशांची काळजी होतीच. पण रोज टोचायचं ते वेगळंच. लिफ्टमध्ये शेजारचे काका सहज विचारायचे, "आज वर्क फ्रॉम होम वाटतं?" लग्नाला गेलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "सध्या कुठे असतोस?" साधे प्रश्न, पण पोटात गोळा यायचा. पंधरा वर्षं नावापुढे जे पद लावत होतो ते काढल्यावर खाली काय उरतं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं.

त्याच दिवसांत माझी पाच वर्षांची भाची राहायला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने विचारलं, "मामा, तू आता रोज घरीच असणार?" मी म्हटलं, "हो, थोडे दिवस." ती म्हणाली, "मस्त!" आणि पत्ते घेऊन आली.

तिला माझं पद माहीतच नव्हतं, त्यामुळे ते गेल्याचंही तिच्या खिजगणतीत नव्हतं. मामा तेवढाच होता, उलट आता जास्त वेळ मिळत होता. अवधूताने मुलाला गुरू का केलं असेल, हे मला त्या दुपारी थोडंसं कळलं.

*चिंता.* इथे आपल्यासारख्या संसारी माणसाला शंका येतेच. मुलाला हप्ता भरायचा नसतो, आईवडिलांची औषधं आणायची नसतात. अवधूताला घरच नव्हतं. आपलं काय? शंका रास्त आहे. पण ही कथा आपल्यापर्यंत मराठीत आणणारे नाथमहाराज स्वतः गृहस्थ होते. गिरिजाबाईंशी संसार केला, मुलंबाळं होती, पैठणच्या वाड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याची पंगत असायची. संसार टाका, असं ते सांगतील कसे?

मला यातून एवढं समजतं, की जबाबदारी आणि चिंता एकत्र राहतात म्हणून आपल्याला एकच वाटतात. पाच तारखेला हप्ता भरणं ही जबाबदारी. रात्री तीन वाजता छताकडे बघत तोच हिशोब सतराव्यांदा करणं ही चिंता. हप्ता दोन्हीकडे तेवढाच राहतो. हिशोब एकदा कागदावर मांडून झाला की पुढची सोळा आवर्तनं कुणाच्याच उपयोगाची नसतात.

*खेळ.* नाथांच्या चरित्रातली एक गोष्ट आम्हा कोड लिहिणाऱ्यांना फार जवळची वाटेल. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे ते लहानपणीच गेले आणि तिथे हिशोबाचं काम करत. परंपरा सांगते, की एकदा एका पैचा मेळ लागेना. सगळे झोपले, नाथ दिवा लावून बसले, आणि मध्यरात्री चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामींना जाग आली. ते म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर हेच ध्यान भगवंताकडे लागलं तर किती होईल!

ज्याने रात्री दोन वाजता एखादा बग पकडलाय त्याला ती टाळी ठाऊक आहे. त्या क्षणी अप्रेझल आठवत नाही, कोण बघतंय हेही आठवत नाही. ते मूल असतं. म्हणजे ते मेलेलं नाही, अजून टाळी वाजवतं. स्वामींनी नाथांना 'पोरकटपणा सोड' म्हटलं नाही. त्यांनी फक्त त्या टाळीची दिशा बदलली.

निश्चिंत फक्त दोघेच

यापुढचा श्लोक मला या अध्यायात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अवधूत म्हणतो, जगात चिंतामुक्त आणि परम आनंदात बुडालेले दोघेच. एक, काहीच न समजणारं भोळं मूल. दुसरा, तीन गुणांच्या पलीकडे गेलेला ज्ञानी.

दोघे बाहेरून सारखे दिसतात, पण एक अजून रस्त्याला लागलेला नाही आणि दुसरा मुक्कामाला पोचलाय. आपण मधे आहोत. एवढं शहाणपण आलंय की मूल राहिलो नाही, आणि एवढं आलेलं नाही की ज्ञानी व्हावं. तिशी-चाळिशीत जो थकवा जाणवतो, तो मला वाटतं या मधल्या रस्त्याचाच.

यातून एक गोष्ट नीट कळते. मागे फिरून बालपण मिळणार नाही. कळलेलं न-कळलेलं करता येत नाही. बालभाव मिळालाच तर तो पुढे गेल्यावर, समजून-उमजून मिळेल. म्हणून 'मी मनाने लहानच आहे' म्हणत जबाबदारी टाळणं याला या श्लोकात कुठेच आधार नाही. तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं, तो अभंग आपण शाळेपासून ऐकतो. तिथेही दाखला मुंगीचा आणि ऐरावताचा आहे. ते लहानपण वयाचं नाही, मोठेपणाचं ओझं उतरवण्याचं आहे.

ते ओझं उतरलं की माणूस बेफिकीर होतो का? नाथांचीच दुसरी गोष्ट आठवा. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातलं एक मूल रडत होतं. नाथांनी ते कडेवर उचललं आणि त्याच्या घरी नेऊन सोडलं. पैठणचे लोक काय म्हणतील हा विचार आधी आला असता तर हात पुढे झाला नसता. मान-अपमान बाजूला सरला म्हणून दुसऱ्याचं रडणं ऐकू आलं.

आतलं मूल दुखावलेलं असेल तर?

प्रत्येकाचं आतलं मूल हसतं-खेळतं असतं असं नाही. काहींचं एका कोपऱ्यात रुसून बसलेलं असतं. वर्गात सगळ्यांसमोर झालेला अपमान, भावंडाशी झालेली तुलना, 'तुला जमणार नाही' हे कुणाचं तरी वाक्य. अशांसाठी भागवताच्या चौथ्या स्कंधात ध्रुव आहे.

पाचेक वर्षांचा पोर वडिलांच्या मांडीवर बसायला गेला आणि सावत्र आई सुरुचीने त्याला टाकून बोललं. वडील गप्प राहिले. पोर घर सोडून निघाला. वाटेत नारद भेटले आणि म्हणाले, बाळा, तुझं वय खेळण्याचं, या वयात कसला मान नि कसला अपमान?

अवधूत मुलाबद्दल जे म्हणतो तेच नारद म्हणतात. पण ध्रुवाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. तो म्हणतो, तुम्ही सांगता ते खरं आहे, पण सुरुचीच्या शब्दांच्या बाणांनी माझं मन फाटलंय, त्यात तुमचा उपदेश टिकत नाही.

काय प्रामाणिक पोर! 'सोडून दे, विसरून जा' हे आपल्यालाही कुणी सांगितलं की आपण मान डोलावतो, पण ते आत टिकत नाही. नारद यावर रागावत नाहीत आणि तोच उपदेश पुन्हा देत नाहीत. ते त्याला द्वादशाक्षरी मंत्र देतात, यमुनेकाठच्या मधुवनाचा रस्ता दाखवतात आणि कसं बसायचं, काय ध्यान करायचं ते सांगतात. दुखऱ्या मुलाला त्यांनी व्याख्यानाऐवजी काम दिलं.

पुढे भगवंत समोर उभे राहतात तेव्हा ध्रुवाला स्तुती करायची असते, पण शब्द सुचत नाहीत. भगवंत आपला शंख हलकेच त्याच्या गालाला लावतात आणि तो बोलू लागतो. गालाला! लहान मुलाला आपण जिथे हात लावतो तिथेच. हे वाचताना मी दर वेळी थांबतो. आणि घरी परतल्यावर ध्रुव सुरुचीच्याही पाया पडतो, ती त्याला उठवून जवळ घेते, तिचा गळा दाटून येतो. त्याने सुरुचीच्या माफीची वाट पाहिली नाही. गालावर शंख टेकल्यावर तो हिशोब त्याच्या लेखी उरला नव्हता.

एक मात्र मनापासून सांगतो. लहानपणीचा घाव खोल असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर समुपदेशकाकडे जरूर जा. पोथी आणि डॉक्टर यांच्यात भांडण नाही.

मग वाचनाने काय होतं?

आपल्यापैकी बरेच जण दिवेलागणीला रामरक्षा म्हणत मोठे झालो. आजीचं लक्ष ताटातल्या तांदळाकडे असायचं, आपलं घड्याळाकडे. अर्थ कुणी विचारला नाही, कुणी सांगितलाही नाही. ती आता, या वयात, अर्थासकट एकदा सावकाश वाचा.

त्यातलं कवच डोक्यापासून पायापर्यंत जातं, हे लहानपणीही कळायचं. पण प्रत्येक अवयवासाठी रामाचं जे नाव निवडलंय त्याकडे बघा. डोळे कौसल्येच्या मुलाकडे सोपवलेत, कान विश्वामित्रांच्या लाडक्याकडे. दंड सांभाळायला शिवधनुष्य मोडणारा, हात सांभाळायला सीतेचा पती. हृदयापाशी परशुरामांना जिंकणारा, गुडघ्यांपाशी सेतू बांधणारा, पोटऱ्यांपाशी रावणाचा अंत करणारा, आणि पावलांशी बिभीषणाला वैभव देणारा. डोक्यावरून पायापर्यंत उतरता उतरता अख्खं रामायण अंगावरून जातं. रोज संध्याकाळी आजी आपल्याला रामकथा पांघरत होती आणि आपण 'कधी संपतंय' म्हणत होतो.

हे कळलं त्या दिवशी मला आतल्या मुलाची भेट झाली असं म्हणेन. शब्द त्या सात वर्षांच्या मुलाने साठवून ठेवले होते, अर्थ सदतिसाव्या वर्षी पोचला. दोघांना एकमेकांची गरज होती. तो पाठ करून बसला नसता तर मला हे सापडलं नसतं. मी वाचलं नसतं तर त्याचं पाठांतर तसंच पडून राहिलं असतं. लहानपणी पाठ केलेले मनाचे श्लोक, सगळे २०५ नसतील, दहा-वीस असतील, तेही असेच वाट बघत असतात.

आता ज्ञानेश्वरी घ्या. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९०, स्थळ नेवासे. परंपरेने मानलेलं ज्ञानदेवांचं जन्मसाल १२७५. म्हणजे सांगणारा पंधरा वर्षांचा. आईवडिलांचं छत्र गेलेलं, समाजाने वाळीत टाकलेलं. मनात कडवटपणा असायला सगळी कारणं होती. आणि हा मुलगा श्रोत्यांसमोर कसा बसतो? पहिल्या अध्यायात म्हणतो, मूल बोबडं बोललं तरी मायबापांना उलट जास्तच आनंद होतो, तसं माझं बोलणं गोड मानून घ्या. नवव्या अध्यायात तर आणखी सुंदर चित्र आहे. मूल बापाच्या ताटात शिरतं आणि बापाच्याच ताटातला घास बापालाच भरवू लागतं. आणि बाप? तो आनंदाने तोंड पुढे करतो.

ज्ञान संतांचंच, ताट त्यांचंच, मी फक्त घास उचलतोय. एवढा मोठा ग्रंथ आणि सांगणाऱ्याचा भाव हा. आपण आठ पानांचं प्रेझेंटेशन केलं तरी पहिल्या पानावर नाव केवढ्या अक्षरात टाकतो!

आणि आपण या पंधरा वर्षांच्या मुलाला हाक काय मारतो? माउली. चाळिशीचे, साठीचे, ऐंशीचे वारकरी एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या मुलाला आई म्हणतात. यात मला आजच्या विषयाचं सगळं उत्तर दिसतं. लहान व्हायचं तर समोर कुणीतरी आई लागते. एकट्याने, आरशासमोर उभं राहून लहान होता येत नाही. ऑफिसमध्ये आपण कुणाचे तरी मॅनेजर, घरी कुणाचे तरी बाबा किंवा आई, आईवडिलांचेही आता आपणच आधार. दिवसभरात आपल्याला 'बाळा' म्हणणारं कुणी उरत नाही. पोथी उघडल्यावर तेवढा वेळ आपण मोठे नसतो. आपण ऐकणारे असतो, समोर माउली असते. नोकरी नसलेल्या त्या चार महिन्यांत सकाळची ती वीस मिनिटं मला कुणी 'सध्या कुठे असतोस' विचारत नव्हतं. नोकरी पुढे मिळाली ती अर्ज करून आणि मुलाखती देऊन. पण मुलाखतीला जाताना छातीवरचा दगड जरा हलका होता, तो या वाचनाने.

आजचा अभ्यास

१. लहानपणी पाठ केलेलं एक स्तोत्र किंवा श्लोक निवडा. नवीन काही नको.

२. मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचताना डोळे पळतात, जीभ पळत नाही.

३. एकाच ओळीपाशी थांबा आणि लहान मूल विचारतं तसं 'का?' विचारा. डोळ्यांपाशी कौसल्येचंच नाव का? ध्रुवाच्या गालालाच शंख का? प्रश्न बावळट वाटला तरी चालेल, आपल्याला कुठे परीक्षा द्यायची आहे!

४. दिवस मोजू नका. सप्ताह-पारायण ही मोठी साधना आहे, तिचं स्थान वेगळं. पण या अभ्यासाला टार्गेट लावलं की आतला मॅनेजर जागा होतो आणि मूल पळून जातं.

५. जे सापडेल ते लगेच स्टेटसला टाकू नका. एक रात्र स्वतःजवळ राहू द्या. मुलाच्या मुठीत गोटी असते, तसं.

आणि आज कुणी लहान मूल भेटलं तर त्याला काही शिकवायला जाऊ नका. पाच मिनिटं त्याच्यासोबत नुसते बसा. अवधूताने तेवढंच केलं होतं.

माउली, आमच्या बोबड्या वाचनाला गोड मानून घे. जे ओझं आमचं नाही ते उतरव, जे आमचं आहे ते हसत उचलायचं बळ दे.

उद्या विसावा गुरू : हातातल्या बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून एकेक बांगडी उतरवणारी मुलगी.

राम कृष्ण हरी.